हाडांची ओळख करून घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

अंगणवेल

गेल्या महिन्यात बाबा घरातच पाय घसरून पडले. फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "नेक ऑफ फीमरचं फ्रॅक्चर आहे." मला त्यातलं फक्त 'नेक' ऐकू आलं. मान मोडली या विचाराने माझ्या पायांतलं बळच गेलं. बाबा समोर मान वळवून माझ्याकडे बघत होते, बोलत होते, तरी डोक्यात काही शिरेना. शेवटी तिथल्या सिस्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. फीमर म्हणजे मांडीचं हाड. त्याच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो, त्याला डोकं म्हणतात. गोळा आणि खालचा दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे त्या हाडाची मान. आपण 'खुब्याचं हाड मोडलं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते हेच, मांडीच्या हाडाचं वरचं टोक. खुद्द खुब्याचं हाड शाबूत असतं.

त्या चित्राने मला किती धीर आला हे सांगता येणार नाही. ऑपरेशनमध्ये गोळा बदलला, बाबा आता वॉकर घेऊन चालतात. पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या सांगाड्यावर मी त्रेचाळीस वर्षं उभी आहे, त्यातल्या धड दहा हाडांचीही नावं मला माहीत नाहीत.

म्हणून एक तक्ता आणला. तीन संध्याकाळी बसून वहीत सगळं उतरवून काढलं. चौथ्या दिवशी टिबिया आत की फिब्युला, कार्पल हातात की टार्सल, सगळ्याची खिचडी झालेली. मला परीक्षा द्यायची नाही. पुढच्या वेळी कुणी एखाद्या हाडाचं नाव घेतलं तर माझं बोट त्या जागी गेलं पाहिजे, एवढंच हवंय. कसं शिकू?

निळीशाई

बाबांना लवकर आराम पडो. मलाही हे शिकायचं आहे, वाचनखूण साठवली. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

सांधेसखी

अंगणवेल, मी गेली एकोणीस वर्षं फिजिओथेरपीचं काम करते. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बोट त्या जागी जायला हवं ना, मग बोटापासूनच सुरुवात करा. तक्ता काही दिवस गुंडाळून ठेवा.

आधी २०६ या आकड्याची, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातल्या एकूण हाडांची, भीती घालवू. हात आणि पाय एकाच नमुन्याचे आहेत. हाताचे आकडे वरून खाली म्हणा: एक, दोन, आठ, पाच, चौदा. दंडात एक ह्यूमरस. कोपराखाली रेडियस आणि अल्ना ही दोन. मनगटात आठ कार्पल, तळहातात पाच मेटाकार्पल, बोटांत चौदा फॅलँजेस. चौदा अशासाठी की चार बोटांना तीन-तीन पेरं आणि अंगठ्याला दोनच. बेरीज तीस.

आता पाय: एक, दोन, सात, पाच, चौदा. मांडीत फीमर, गुडघ्याखाली टिबिया आणि फिब्युला, घोट्यापासून टाचेपर्यंतच्या भागात सात टार्सल, पुढे पाच मेटाटार्सल आणि बोटांत पुन्हा चौदा. बेरीज एकोणतीस भरते. तिसावं हाड म्हणजे गुडघ्याची वाटी, पटेला. दोन हात, दोन पाय मिळून १२० हाडं झाली. निम्म्याहून जास्त सांगाडा आला की हातात!

तुमचे घोळही सोडवू. करात कार्पल, टाचेत टार्सल. मी विद्यार्थ्यांना हेच सांगते आणि ते कुणी विसरत नाही. टिबिया म्हणजे नडगी. आत्ता गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला बोट ठेवा आणि सरळ खाली ओढत न्या. कातडीच्या लगेच खाली जी धार लागते ती सगळी टिबिया, थेट आतल्या घोट्यापर्यंत. आतला घोटा हे वेगळं हाड नाहीच, ते टिबियाचं खालचं टोक आहे. बाहेरचा घोटा फिब्युलाचा. दोन्ही घोट्यांवर एकेक बोट ठेवून बघा, बाहेरचा किंचित खाली लागेल. फिब्युला स्वभावाने फटकून राहणारी. बाहेरच्या बाजूला असते, गुडघ्याच्या मुख्य सांध्यात भाग घेत नाही आणि शरीराचं वजनही फारसं उचलत नाही. फिब्युला फटकून, असं लक्षात ठेवा.

रेघोटी

सांधेसखी, करात कार्पल फार आवडलं.

मी चित्रं काढते. कोपराखालचा हात मला कित्येक वर्षं जमत नव्हता, नेहमी नळकांडं व्हायचं. एकदा ही दोन हाडं हाताने तपासली आणि कोडं सुटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हात टेबलावर ठेवा, तळहात वर. दुसऱ्या हाताने कोपराचं टोक धरा. ते टोक अल्नाचं. तिथून करंगळीच्या दिशेने बोट सरकवत या. हाडाची कड एका सलग रेषेत मनगटापर्यंत लागते आणि मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला जो छोटा उंचवटा दिसतो तिथे संपते. म्हणजे कोपराचं टोक आणि तो उंचवटा ही एकाच हाडाची दोन टोकं. रेडियस अंगठ्याच्या बाजूला, नाडी बघतो तिथे.

आता कोपर न हलवता तळहात पालथा करा. अल्ना जवळजवळ जागच्या जागी राहते आणि रेडियस तिच्यावरून आडवी पलीकडे जाते. तळहात वर असताना दोघी शेजारी-शेजारी, पालथा केला की एकीवर एक फुली. कुलपात किल्ली फिरवताना, पिळा घालताना दर वेळी आत हेच घडत असतं. मी त्या दिवशी तासभर नुसता हात उलटसुलट करत बसले होते.

पाऊलवाट

छान चर्चा. दोन शंका. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात, ते हाड कोणतं? आणि बायकांना पुरुषांपेक्षा बरगड्यांची एक जोडी जास्त असते, बरोबर ना?

सांधेसखी

पाऊलवाट, त्या झिणझिण्या हाडाच्या नाहीत, नसेच्या आहेत. ह्यूमरसच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूने एक उंचवटा असतो. त्याच्या मागून अल्नर नस जाते, तिथे तिच्यावर मांसाचं संरक्षण जवळजवळ नाही. म्हणून मुंग्या करंगळीपर्यंत जातात.

बरगड्यांचं मात्र चुकतंय. स्त्री असो वा पुरुष, बाराच जोड्या. क्वचित एखाद्याला जास्तीची असते, पण त्याचा स्त्री-पुरुष असण्याशी संबंध नाही. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाने) छातीच्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला टेकलेल्या आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या.

मोजायच्या असतील तर पहिलीपासून मोजायला जाऊ नका, ती गळ्याजवळच्या हाडाआड दडलेली असते. गळ्याखालच्या खळग्यातून छातीच्या मधोमध बोट खाली आणा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवी कड लागेल. तिच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी आहे ती दुसरी. डॉक्टरही तिथूनच मोजायला लागतात.

निळीशाई

सापडली! दहा मिनिटं लागली, पण सापडली.

जुनीवही

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो. ही लॅटिन-ग्रीक नावं परकी आणि रुक्ष वाटतात ती त्यांचे अर्थ कुणी सांगत नाही म्हणून. पटेला म्हणजे लहान ताटली. आपण गुडघ्याची 'वाटी' म्हणतो. दोन भाषांतल्या माणसांनी आपापल्या गुडघ्याकडे बघून भांड्याचंच नाव दिलं. गळ्याजवळच्या हाडाचं नाव क्लॅव्हिकल, म्हणजे छोटी किल्ली. फिब्युला म्हणजे वस्त्र अडकवायची पिन. टिबिया आणि फिब्युला शेजारी ठेवल्या की पिनेची दांडी आणि तिची सुई दिसते. टिबिया शब्दाचा दुसरा अर्थ बासरी. कमरेखालच्या हाडांच्या घेराचं नाव पेल्व्हिस, म्हणजे परात. पाठीच्या कण्याच्या टोकाला ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली म्हणून ते कॉक्सिक्स, आणि आपल्याला माकडाची शेपटी आठवली म्हणून माकडहाड. मला आपलं नाव जास्त खरं वाटतं, कारण ते शेपटीचंच उरलेलं टोक आहे.

संख्येबद्दलही सांगतो. चरकसंहितेत हाडं ३६० सांगितली आहेत. सुश्रुत म्हणतो, शल्यतंत्राच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्राच्या, मते ३००. दात आणि कूर्चाही त्यांच्या मोजणीत आहेत, म्हणून आकडा मोठा. सुश्रुताने आकारावरून पाच प्रकारही केले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. चपटी ती कपाल, दात म्हणजे रुचक, कूर्चा म्हणजे तरुण, बरगड्यांसारखी वळलेली ती वलय आणि नळीसारखी ती नलक. कूर्चेला 'तरुण' म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. बाळाच्या शरीरात आज जी कूर्चा आहे तिच्यातल्या बऱ्याच भागाचं उद्या हाड होणार असतं.

युरोपात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द तेराशे वर्षं प्रमाण मानला गेला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, असं त्याचं म्हणणं. प्राण्यांच्या शरीरावरून काढलेला निष्कर्ष होता तो. व्हेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने माणसांची हाडं स्वतः हातात घेऊन पाहिली आणि १५४३ मध्ये छापून सांगितलं की जबडा एकच आहे. शिकायची तुमची पद्धत तीच आहे, अंगणवेल.

पाऊलवाट

बरगड्यांबद्दल धन्यवाद, इतकी वर्षं चुकीचं धरून चाललो होतो.

जुनीवही, बाळाच्या अंगात तर मोठ्यांपेक्षा जास्त हाडं असतात म्हणतात. मग ती जातात कुठे?

जुनीवही

कुठेच जात नाहीत, जोडली जातात. जन्मतः साधारण २७० किंवा त्याहून थोडी अधिक, कशाला वेगळं हाड म्हणायचं त्यावर आकडा ठरतो. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी सेक्रम आधी पाच सुटे मणके असतात, मोठेपणी एक होतं. खुब्याचं प्रत्येक बाजूचं हाड तीन हाडं मिळून बनतं. कवटीची हाडं तर जन्माच्या वेळी सुटी असावीच लागतात. त्यांच्यामधली मऊ जागा म्हणजे टाळू. पुढची टाळू साधारण दीड वर्षात भरते.

तिसरीघंटा

मी पहिल्या वर्षाला आहे. मनगटाची आठ हाडं पाठ करताना मलाही रडू आलं होतं. जुनीवही काकांनी लिहिलंय तसंच मी केलं, नावांचे अर्थ काढले आणि त्यांचं चित्र बनवलं. अंगठ्याकडून करंगळीकडे जायचं. कोपराकडची ओळ आधी:

"नाव चालली, वर चंद्रकोर, तिकोनी शीड, मागे वाटाणा."

नाव म्हणजे स्कॅफॉइड, चंद्रकोर म्हणजे ल्युनेट, तिकोनी तो ट्रायक्वेट्रम आणि वाटाण्याएवढा पिसिफॉर्म. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या घडीजवळ दाबलंत तर हा वाटाणा बोटाला खरंच लागतो. हात सैल सोडला तर थोडा हलतोही.

बोटांकडची ओळ: "चौरंग थोरला, चौरंग धाकटा, मधे डोकं, कडेला आकडा." ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. थोरल्या चौरंगावर अंगठा बसलेला असतो. तिथला सांधा खोगिरासारखा आहे, म्हणून अंगठा बाकी चारही बोटांना भेटू शकतो.

पाऊलवाट

ही नाव आठवणीत ठेवाच, मी अनुभवाने सांगतो. सायकलवरून पडलो तेव्हा हात टेकला होता. एक्सरेत काही दिसलं नाही, लचक आहे म्हणून पट्टी बांधून घरी आलो. चार महिने मनगट दुखत राहिलं. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा स्कॅफॉइड मोडलेलं निघालं. साधी बाटली उघडताना डोळ्यांत पाणी यायचं.

सांधेसखी

पाऊलवाट, हे फार जणांच्या बाबतीत होतं आणि ते टळावं असं मनापासून वाटतं. अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन शिरांमध्ये एक खोलगट खळी पडते. पूर्वी तिथे तपकीर ठेवून ओढत, म्हणून तिचं नाव तपकिरीच्या डबीवरून पडलं आहे. त्या खळीच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. हातावर पडल्यानंतर नेमकं तिथे दाबून दुखलं, तर पहिला एक्सरे स्वच्छ असला तरी गप्प बसू नका. ताजी भेग पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही. तेव्हा मनगट स्थिर ठेवून काही दिवसांनी पुन्हा तपासतात किंवा दुसरा स्कॅन करतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत येतं. मधे मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ते जुळायला वेळ लागतो, कधी जुळतही नाही.

अंगणवेल, तुमच्या बाबांच्या बाबतीतही हाच धोका असतो. फीमरच्या गोळ्याला जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेवरून वर जातात. मान सरकून मोडली की गोळा उपाशी राहू शकतो. म्हणून वयस्कर माणसांत तो बरेचदा बदलूनच टाकतात.

अंगणवेल

सांधेसखी, गोळा बदलायचा का, हे मला आज पहिल्यांदा नीट कळलं. सहीच्या वेळी विचारायचं सुचलं नव्हतं. मनापासून आभार.

प्रगती कळवते. आठवडाभर रोज रात्री एकच भाग चाचपते आहे. हात झाले, पाय झाले. कवटीत थोडी अडकले. मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४ मिळून २२ एवढं कळलं, पण सगळी हाताला सुटी लागत नाहीत. आता मणक्यांवर आहे आणि पाठीवर आपलाच हात पोचत नाही!

सांधेसखी

चेहऱ्याची सगळी लगेच शिकायची गरज नाही. कपाळ, गालाचं हाड, वरचा जबडा, खालचा जबडा एवढी पुरेत. मात्र कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. त्या २२ पैकी हलणारं हाड हे एकच. कानाच्या आत तीन-तीन चिमुकली हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. बोट तिथे पोचणार नाही, नुसतं माहीत असू द्या.

मणक्यांसाठी तीन खुणा. मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी जो सगळ्यांत ठळक उंचवटा लागतो तो बहुतेकांमध्ये मानेचा सातवा मणका. हात खाली सोडून बसलात की खांद्याच्या पात्याचं खालचं टोक छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीत येतं. कमरेवर हात ठेवा, दोन्ही बाजूंना खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडा लागतील. त्या जोडणारी आडवी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. डॉक्टर 'एल-फोर' म्हणतात तो हाच. मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच, मग सेक्रम आणि माकडहाड. छातीच्या बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या, म्हणजे तो आकडा वेगळा लक्षात ठेवायला नको.

तिसरीघंटा

मानेचे सात जिराफालाही असतात, फक्त एकेक मणका वीतभर लांबीचा म्हणावा असा. आणि सर्वांत वरचे दोन मजेचे आहेत. 'हो' म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर, म्हणजे ॲटलासवर, पुढेमागे डुलते. 'नाही' म्हणताना ॲटलाससकट कवटी दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरते.

रेघोटी

गळ्याजवळचं हाड कुणी घेतलंच नाही! क्लॅव्हिकल. गळ्याखालच्या खळग्याच्या बाजूला त्याच्या आतल्या टोकावर बोट ठेवा आणि त्याच बाजूचा हात कानापर्यंत उचला. बोटाखालचं टोक हलतं. अख्खा हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो एवढ्या एकाच सांध्यात. मागचं खांद्याचं पातं बरगड्यांना कुठेच जोडलेलं नाही, ते स्नायूंच्या आधाराने छातीच्या पिंजऱ्यावर सरकतं. हे कळल्यापासून हात उचललेलं माणूस काढताना मी आधी क्लॅव्हिकल तिरपी करते, मग हात काढते.

सांधेसखी

रेघोटी, अगदी बरोबर. आणि या हाडाची वाढ बघा. गर्भात हाड तयार व्हायला सर्वांत आधी सुरुवात होते ती इथे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आतलं टोक जुळून पूर्ण व्हायला मात्र विशी उलटून जाते.

अंगणवेल

वहीत बेरीज मांडून बघितली. हातपाय १२०. खांद्याची पाती २, क्लॅव्हिकल २, खुब्याची २. कवटी २२, कानातली ६. कणा २६. बरगड्या २४ आणि छातीचं हाड १. होतात २०५. एक कमी पडतंय. तीनदा मोजलं.

तिसरीघंटा

ताई, हायॉइड राहिलं! हनुवटीखाली, स्वरयंत्राच्या वर, घोड्याच्या नालासारखं. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, म्हणून सगळ्यांच्या मोजणीतून सुटतं. जिभेचे स्नायू त्याला धरून असतात. बोटांच्या चिमटीत अगदी हलकेच धरून आवंढा गिळा, वर सरकलेलं कळेल.

अंगणवेल

सापडलं. २०६.

आज संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसले होते. त्यांना म्हटलं, चांगल्या पायाच्या बाजूला, कमरेच्या कडेखाली वीतभर अंतरावर बाहेरून हात ठेवा आणि पाय आतबाहेर वळवा. तिथे मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा असतो, मानेच्या अगदी मुळाशी. त्यांना आधी सापडेना. मी त्यांचा हात धरून जागेवर नेला. त्यांनी पाय वळवला, थांबले, परत वळवला. "फिरतंय गं आत," म्हणाले. मग दुसऱ्या बाजूला, टाक्यांच्या जरा लांबून, हलकेच हात ठेवून बसून राहिले.